सुध्या, ती धूळ असेल तर?

सातारा, 8 जून

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन उचलत नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, साखर आटोक्यात.

शुक्राचे ढग टिपले रे! आपण घासलेल्या आठ इंची आरशाच्या दुर्बिणीतून, गच्चीवरून. एरवी शुक्र म्हणजे नुसतं पांढरंफेक टक्कल, सरांसारखं. पण अतिनील फिल्टर लावला, प्रतिमा मोठी करणारं बार्लो भिंग काढून ठेवलं (काच अतिनील गिळते), हजारो फ्रेम्समधल्या बऱ्या निवडून एकावर एक रचल्या, आणि आडव्या पडलेल्या इंग्रजी वायसारखा काळपट पट्टा वर आला. ही 21 मेची गोष्ट. मग तीन दिवस ढग. आपले, शुक्राचे नव्हेत. 25 ला पुन्हा घेतला, तर पट्टा जागच्या जागी!

मी नाचलोच. वरचे ढग चार दिवसांत शुक्राला फेरी मारतात, म्हणजे चौथ्या दिवशी तोच चेहरा समोर यायला हवा. 1957 मध्ये काँगोतल्या ब्राझाव्हिलच्या त्या न्यायाधीशानं, ब्वायेनं, अशाच फोटोंवरून हा हिशोब पकडला होता. वाचनालयानं फोटो फ्रेम करून लावला. मला शाल दिली, ऐन मेमध्ये.

आणि परवा रात्री दोनला दचकून उठलो. धूळ! कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा डागही जागच्या जागीच राहणार ना? दोन्ही दिवशी कॅमेऱ्याचा कोन तोच, शुक्र चौकटीच्या मधोमध. बोक्याचा केससुद्धा वायसारखा वाकतो. वर मी संगणकावर फोटोला धार चढवताना हात आवरला नाही. "कॅमेरा फिरवून घेतलास का?" हे तू विचारणार, म्हणून फोन घेत नव्हतो. मेच्या आधीचा निव्वळ आळस.

त्यात दुर्बिणीला शुक्रामागे फिरवणारी ती मोटर. बसवली तेव्हा तू दोन महिने अबोला धरला होतास. हातानं ढकलत असतो तर शुक्र चौकटीतून सरकत राहिला असता आणि रचताना धूळ आपोआप पुसली गेली असती. हे लेखी देतोय, पण वहिनींना दाखवू नकोस. त्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ लॉवेलला शुक्रावर चाकासारखे आरे दिसले, ते म्हणे त्याच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्या. माझा तर परवापासून डोळाच लागत नाही.

आता पाऊस आला. उघडेपर्यंत शुक्र सूर्याजवळ गेलेला असेल.

छकुलीचं ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला, तारीख कळव. गुडघा कसा आहे?

पेन ड्राइव्ह पाठवतोय. 25 च्या व्हिडिओत सुरुवातीला वाऱ्यानं दुर्बीण हलली आहे, काही शे फ्रेम्समध्ये शुक्र कोपऱ्यात गेलाय. तेवढ्याच रचून बघ, पट्टा उमटतो का. मला धीर होत नाही.

तुझा,
बाळ्या

ता. क. शाल परत करावी लागते का रे?