मिस्त्रीकाका, अँपचा बेस आता जागेवर आहे

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

झाडीपट्टीच्या नाटकांना साथ करणाऱ्या आम्हा गिटारवाल्यांकडून हे जाहीर आभाराचं पत्र. जाहीर अशासाठी, की असा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अँप वडसा-ब्रह्मपुरीकडे आणखी कुणाच्या हाती असेल, तर तुमच्या वहीतले आकडे त्यालाही मिळावेत.

अँप ५ई३ सर्किटचा, म्हणजे १९५०च्या दशकातल्या फेंडर ट्वीड डिलक्सच्या नकाशावर बांधलेला. सिग्नल वाढवणारे व्हॉल्व्ह १२एवाय७ आणि १२एएक्स७, स्पीकर चालवणारे दोन ६व्ही६, एसीचं डीसी करणारा ५वाय३ रेक्टिफायर, १२ इंची स्पीकर. व्हॉल्यूम अर्ध्यापर्यंत काही तक्रार नाही. त्यापुढे जाड तारांचा आवाज नीट फाटायच्या ऐवजी फुगायचा आणि पुढचा सूर मागच्या सुराच्या चिखलात रुतायचा. टोन कितीही फिरवा, फरक शून्य.

कारण तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत, त्याचे आभार सगळ्यात आधी. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, पण ६व्ही६च्या ग्रिडकडे (सिग्नल आत घेणाऱ्या जाळीकडे) जाणारे ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर आणि २२० किलोओहमचे रेझिस्टन्स ७ हर्ट्झपर्यंतचं सगळं पुढे सोडतात. जोरात वाजवलं की ग्रिड करंट ओढते, कंडेन्सर भरतो, बायस (ग्रिडचं ठरलेलं डीसी व्होल्टेज) घसरतो आणि तो कंडेन्सर रिकामा होईपर्यंत व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहतो. रिकामं होण्याच्या वेळेचं माप ०.१ गुणिले २२० किलो, म्हणजे २२ मिलिसेकंद. त्या जागी ०.०२२ घातला की ५ मिलिसेकंदांच्या आत. बेस कापण्याची सीमा, जिच्याखालचे सूर गळत जातात, ती जाते ३३ हर्ट्झवर, म्हणजे ८२च्या तारेला धक्का जवळजवळ नाहीच.

सुरुवात तिथूनच केलीत, हे बरं झालं. दोन्ही ०.०२२, फिल्मचे, ६३० व्होल्टचे. सोबत दोन्ही ६व्ही६च्या ५ नंबरच्या पायाला चिकटून ४.७ किलोओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टन्स, म्हणजे ग्रिडला करंट ओढायला अडसर. तो बोर्डावर लावून पुढे लांब वायर नेली तर सुसाट शिटीचा धोका राहतो, म्हणून थेट सॉकेटवर. एवढ्यानेच चिखल निम्मा ओसरला.

मग १२एवाय७. तिच्या दोन्ही भागांच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) मिळून ८२० ओहम आणि त्यावर २५ मायक्रोफॅरड. तिथे २.२ घातलात. हा बदल बेस पार कापत नाही, फक्त खालचे सूर थोडे दाबून बसवतो, त्यामुळे आवाज पातळ होत नाही.

व्हॉल्यूमच्या आधीच्या कंडेन्सरला मात्र आम्ही ०.००४७ घाला म्हणत होतो, पुष्कळ जण घालतात म्हणून. तुम्ही नको म्हणालात आणि ते पटलं. ह्या सर्किटात व्हॉल्यूम उलटा जोडलेला असतो, सिग्नल मधल्या पायावर येतो. व्हॉल्यूम कमी केला की कंडेन्सरला दिसणारा रेझिस्टन्सही घटतो. तो १०० किलोओहमवर आला तर ०.००४७ची सीमा जवळपास ३४० हर्ट्झवर चढते. पूर्ण आवाजात झकास, आणि संवादामागे हळू वाजवताना डबा. ०.०२२ला तीच सीमा ७२ हर्ट्झच्या आसपास राहते. दुसऱ्या व्हॉल्व्हचं २५ मायक्रोफॅरड आणि ६व्ही६च्या कॅथोडवरचं २५, दोन्हींना हात लावला नाहीत. चार ठिकाणी थोडं थोडं कापलं की शेवटी अँपमध्ये अंगच उरत नाही.

डीसी सपाट करणाऱ्या फिल्टरमध्ये पहिला कंडेन्सर १६ मायक्रोफॅरडचाच, कारण तो मोठा केला की भरतानाच्या करंटचा झटका ५वाय३ला सोसावा लागतो. दुसरा तेवढा ३३ केलात, ४५० व्होल्टचा. ५वाय३ काढून जीझेड३४ हा दुसरा रेक्टिफायर बसवायचा आमचा हट्टही मोडलात. त्याने बेस आवळतो खरा, पण ६व्ही६वरचं व्होल्टेज वाढतं. आणि आपल्याकडे शेतातले पंप बंद झाले की रात्री लाइन तशीच वर चढते! ६व्ही६च्या कॅथोडच्या २५० ओहमवर २० व्होल्ट म्हणजे दोन व्हॉल्व्ह मिळून ८० मिलिअँपिअर. त्यापेक्षा वर गेलं तर आधी स्टॅबिलायझर बघा, हे आता आम्हा सगळ्यांना पाठ आहे. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरलाही ६.३ व्होल्टच्या जागी ६.९च्या वर सोसत नाही.

वाचून कुणी स्क्रूड्रायव्हर हातात घेणार असेल, तर काकांचा नियम आधी ऐका. प्लग काढला तरी आत साडेतीनशे व्होल्ट बसलेले असतात. २२ किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टन्स पहिल्या फिल्टर कंडेन्सरवर पंधरा सेकंद धरायचा, मग मीटर लावून शून्य दिसल्यावरच हात. जोडणी झाल्यावर दोन्ही ६व्ही६च्या ग्रिडवर डीसी मोजायचं. ते शून्याच्या आसपास हवं. तिथे एखादा व्होल्ट दिसला तर कंडेन्सर गळतो आहे आणि व्हॉल्व्ह लाल व्हायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट कंडेन्सरशी संबंध नसलेली. आपला रंगमंच फळ्यांचा, खाली पोकळ. अँप त्या फळ्यांवर ठेवला की सगळी मेहनत वाया, फळ्याच घुमतात. तुम्ही म्हणालात तसा आता लोखंडी खुर्चीवर, कोपऱ्यापासून दूर ठेवतो. प्रयोगागणिक ती खुर्ची मिळवणं हेच काम अवघड आहे.

काढलेले जुने कंडेन्सर तुम्ही पाकिटात घालून कॅबिनेटच्या आत चिकटवलेत, वर मूळ जागा लिहून. कुणाला मूळ आवाज परत हवा असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. मजुरी घेतली नाहीत. निदान नागपूरहून मागवलेल्या कंडेन्सरचे पैसे तरी घ्यावेत. भाऊबीजेनंतर प्रयोग सुरू झाले की संध्याकाळी या, अँप तुमच्यासमोर पूर्ण आवाजात वाजवू. दोन्ही ६व्ही६ तेव्हा बदलायच्या झाल्या आहेत का, तेही एकदा बघा.

आपले,
साथीतले गिटारवाले