संगतीला बसलेला नारद

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकी ड्रमवादक आणि रेकॉर्ड प्रोड्यूसर नारद मायकेल वॉल्डन यांच्यावर आलेला लेख आवडीने वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळावे, याचाच मला आधी आनंद झाला. मात्र लेखाचा एकूण सूर असा आहे की जॅझ फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉक यांचा मेळ घालणारे संगीत, वाजवताना हा कलावंत साधक होता, आणि पुढे पॉप गायिकांची गाणी घडवू लागला तेव्हा साधना सोडून बाजारात उतरला. चाळीस वर्षे तबल्याची संगत करणारा माणूस म्हणून मला हे निदान पटत नाही आणि ते का पटत नाही हे सविस्तर लिहावेसे वाटते.

प्रथम एक दुरुस्ती. लेखात म्हटले आहे तसे वॉल्डन हे महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ फ्यूजन वृंदाचे पहिले ड्रमवादक नव्हेत. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी 1971 मध्ये हा वृंद उभा केला तेव्हा ड्रमवर बिली कॉबम होते आणि ज्या वादनाने जगभरचे तालवादक थक्क झाले ते प्रामुख्याने त्यांचे. ‘बर्ड्स ऑफ फायर’ ही अठरा मात्रांच्या आवर्तनात बांधलेली रचना त्याच पहिल्या संचातील. तो संच फुटल्यावर, 1974 मध्ये, मिशिगनमधील कॅलमझू येथे 1952 साली जन्मलेले वॉल्डन त्या जागी आले. बाविशीच्या आसपासच्या मुलाने कॉबम यांच्या जागी बसणे म्हणजे काय, हे आपल्याकडे एखाद्या दिग्गज तबलजींच्या जागी आयत्या वेळी बसावे लागलेल्या कोणालाही विचारावे.

मॅक्लॉफ्लिन यांच्यामुळेच वॉल्डन श्री चिन्मय या बंगाली आध्यात्मिक गुरूंकडे गेले. चित्तगाव भागातील शाकपुरा गावी 1931 मध्ये जन्मलेले श्री चिन्मय 1944 पासून पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात वाढले आणि 1964 मध्ये न्यूयॉर्कला गेले. त्यांच्याभोवती जमलेल्या संगीतकारांना त्यांनी नवी नावे दिली. मॅक्लॉफ्लिन ‘महाविष्णू’ झाले, गिटारवादक कार्लोस सँटाना ‘देवदीप’ झाले आणि मायकेल वॉल्डन ‘नारद’ झाले. ध्यान, शाकाहार, मद्य आणि अमली पदार्थ पूर्ण वर्ज्य, अशी तेथील शिस्त होती. सत्तरच्या दशकातील रॉक आणि जॅझच्या जगात हे किती प्रवाहाविरुद्ध होते, हे लेखकाने योग्य रीतीने मांडले आहे. अशा गुरुभक्तीबद्दल माझ्या मनात शंका मुळीच नाहीत असे नव्हे. मॅक्लॉफ्लिन आणि सँटाना हे दोघेही पुढे त्या मार्गावरून बाजूला झाले आणि शिष्याचे आयुष्य इतके आपल्या हाती घेणाऱ्या गुरूविषयी सावध राहणे मला रास्तच वाटते. पण या पत्राचा मुद्दा गुरू कसा होता हा नाही. ते नाव घेऊन हा वादक पुढे कुठे गेला, हा आहे.

आपल्याकडे नारद म्हटले की आधी कळ लावणारा आठवतो, ही आपल्या नाटक-सिनेमांची कृपा. कीर्तनकाराला मात्र दुसरा नारद माहीत असतो. कीर्तनाला उभे राहण्याच्या जागेला आपण नारदाची गादी म्हणतो, कारण तिथे उभा राहणारा स्वतःचे काही सांगायला आलेला नसतो. तो दुसऱ्याचे, आपल्याहून मोठ्याचे, लोकांपर्यंत पोहोचवायला आलेला असतो. वॉल्डन यांचे पुढचे आयुष्य पाहिले तर हे नाव त्यांना त्या दुसऱ्या अर्थाने लागू पडते.

लेखात एका गोष्टीचा उल्लेखही नाही आणि माझ्या मते सारा उलगडा तिथेच आहे. महाविष्णू ऑर्केस्ट्रामधील वॉल्डन यांचा पहिला अल्बम ‘अपोकॅलिप्स’ 1974 मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह ध्वनिमुद्रित झाला आणि त्याचे प्रोड्यूसर होते जॉर्ज मार्टिन, म्हणजे बीटल्सची गाणी ज्यांच्या हाताखाली आकाराला आली ते गृहस्थ. दोन वर्षांनी इंग्लिश गिटारवादक जेफ बेक यांचा ‘वायर्ड’ हा अल्बम आला. तोही मार्टिन यांचाच. त्यातील आठ रचनांपैकी चार वॉल्डन यांच्या होत्या आणि त्यांतील ‘लव्ह इज ग्रीन’मध्ये ते ड्रम सोडून पियानोवर बसलेले आहेत. म्हणजे पंचविशी गाठण्याआधी या तरुणाने दोनदा जवळून पाहिले की स्टुडिओतल्या काचेपलीकडे बसलेला एक शांत माणूस स्वतः एकही सूर न वाजवता संपूर्ण अल्बमचे रूप ठरवू शकतो. एकीकडे ‘मी’पणा सोडायला शिकवणारा गुरू आणि दुसरीकडे तेच प्रत्यक्ष कामात करून दाखवणारा प्रोड्यूसर, अशा दोन्ही शिकवण्या त्यांना एकाच काळात मिळाल्या. त्यामुळे पुढे जे झाले त्याला मार्ग बदलणे म्हणता येईल असे मला वाटत नाही.

येथे ‘प्रोड्यूसर’ या शब्दाचा घोळ मिटवायला हवा. निर्माता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चित्रपटात पैसे घालणारे शेठजी येतात. रेकॉर्ड प्रोड्यूसरचे काम वेगळे असते. गाणे कोणत्या पट्टीत बसवायचे, लय किती ठेवायची, कोणते वादक बोलवायचे, गायिकेचे कितवे गायन ठेवायचे आणि कोणते टाकून द्यायचे, हे तो ठरवतो. आपल्या चित्रपटसंगीतातील संगीत संयोजक आणि मैफलीतील जाणता साथीदार यांना एकत्र केले तर तो साधारण तयार होईल.

माझे गुरुजी मला वर्षभर विलंबित एकतालाचा नुसता ठेका वाजवायला लावत. दोन मात्रांच्या मध्ये काहीही भरायचे नाही. मला वाटे, याला तालीम कसली म्हणायची! पुढे एका मैफलीत मी गायिकेच्या मुखड्यावर बेतून भलीमोठी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, आणली, समेवर टाळ्याही मिळाल्या. मध्यंतरात गुरुजी एवढेच म्हणाले, “मुखडा तिचा होता.” अठरा मात्रांच्या रचना वाजवू शकणाऱ्या माणसाने चार मात्रांच्या साध्या ठेक्यावर आयुष्य काढले, हे वाचून आपल्या लेखकाला उतरण दिसली. मला ते वर्षभराचे कोरे ठेके आठवले.

आता गाण्यांविषयी. 1980 मध्ये त्यांनी स्टेसी लॅटिसॉ या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलीचा अल्बम घडवला. 1985 मध्ये विख्यात अमेरिकी गायिका अरिथा फ्रँकलिन यांच्यासाठी ‘फ्रीवे ऑफ लव्ह’ केले. हे गाणे मुळात त्यांनी स्वतःच्या अल्बमसाठी राखून ठेवले होते, ते त्यांनी देऊन टाकले. अरिथा यांनी विमानप्रवास सोडलेला असल्याने वॉल्डन कॅलिफोर्नियातून डेट्रॉइटला त्यांच्याकडे गेले. गाणारीने आपल्याकडे यावे असा हट्ट त्यांनी धरला नाही, आणि संगतकाराला यात विशेष काही वाटणार नाही. त्याच सुमारास व्हिटनी ह्यूस्टन या नवख्या गायिकेचे ‘हाऊ विल आय नो’ त्यांच्याकडे आले. त्याचे कडवे त्यांना अपुरे वाटले, बदल करू दिला तरच हे काम घेईन असे त्यांनी सांगितले आणि मूळ रचनाकार आधी तयार नव्हते. तेव्हा नम्रता म्हणजे होयबा होणे नव्हे, हेही येथे नोंदवतो. पार्श्वस्वरांसाठी व्हिटनी यांच्या आई, स्वतः कसलेल्या गायिका असलेल्या सिसी ह्यूस्टन, यांना बोलावण्यात आले. गाणे 1986 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. 1987 च्या एप्रिलमध्ये तर वॉल्डन यांची दोन गाणी, एक स्टारशिप या वृंदाचे आणि दुसरे अरिथा व जॉर्ज मायकेल यांचे द्वंद्वगीत, पाठोपाठ त्या स्थानावर पोहोचली आणि त्या वर्षासाठी सर्वोत्तम प्रोड्यूसरचा ग्रॅमी पुरस्कार त्यांनाच मिळाला.

यात पैसा होता, पुष्कळ होता. यंत्रांच्या ठेक्यांचा आणि सिंथेसायझरचा तो चकचकीत थर आज ऐकताना मला कधी कधी जड होतो आणि वॉल्डन यांनी स्वतः वाजवलेले ड्रम अधिक ऐकायला मिळाले असते तर बरे, असेही वाटते. लेखकाची तक्रार एवढीच असती तर मी हे पत्र लिहिले नसते. परंतु लोकप्रिय झाले म्हणजे साधना सुटली, हा तर्क आपण तुकोबांच्या अभंगांना लावत नाही, मग इथे का लावावा?

कॅलिफोर्नियातील सॅन राफाएल येथील आपल्या स्टुडिओला वॉल्डन यांनी ‘तर्पण’ असे नाव दिले. पितृपक्षाशी जोडलेला हा शब्द स्टुडिओच्या दारावर वाचून मराठी माणूस क्षणभर दचकेल, पण मुळात त्याचा अर्थ तृप्त करणे असाच आहे. लेखकाने हा स्टुडिओ निव्वळ धंद्याचे ठिकाण म्हणून रंगवला आहे, म्हणून सांगतो. उस्ताद अली अकबर खाँ यांचे संगीत महाविद्यालय त्याच गावात आहे आणि आपल्या माहीमचे झाकीर हुसेन त्याच परगण्यात अनेक वर्षे राहिले. मॅक्लॉफ्लिन यांच्या ‘शक्ती’ या वृंदात तबला वाजवणारे झाकीरभाई आणि शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मॅक्लॉफ्लिन यांच्यासोबत वाजवू लागलेले त्रिलोक गुर्टू, यांच्यामुळे ही परंपरा आपल्याला तितकीशी परकी राहिलेली नाही.

जाता जाता एक विनंती. आपल्याच वृत्तपत्रात येणाऱ्या मैफलींच्या वृत्तांतांत गायकाचे नाव ठळक असते आणि “तबला व संवादिनीची साथ समर्पक होती” एवढ्यावर साथीदारांची बोळवण होते, कित्येकदा नावेही नसतात. सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याकडच्या संयोजकांनी हिंदी चित्रपटगीतांना जो आकार दिला, त्यांची नावेही तबकड्यांवर क्वचितच छापली गेली. ती चूक आता दुरुस्त होणार नाही. पुढच्या रविवारी मिरजेतील मैफलीचा वृत्तांत छापाल, तेव्हा तबल्यावर कोण होते आणि संवादिनीवर कोण, एवढे कृपया छापावे.

कळावे,
आपला नम्र,
एक तबलावादक वाचक, मिरज