डोर्नकलहून आल्यावर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. विजयवाड्याहून परतताना या खेपेला डोर्नकल जंक्शनला मुद्दाम उतरलो. बिशप अझरायांनी उभारलेलं चर्च बघायचं होतं. वर मशिदीसारखे घुमट नि मिनार, आत देवळाच्या मंडपासारखे कोरीव दगडी खांब. १९३९ साली ते पूर्ण झालं. खांबाला टेकून बराच वेळ बसलो.

वेदनायगम सॅम्युएल अझराया. जन्म १८७४चा, तिरुनेलवेलीकडच्या खेड्यातला. वडील तिथल्याच चर्चचे पाळक. १९१० साली एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत त्यांना बोलायला उभं केलं. समोर बहुतेक सगळे गोरे, आशियातले मोजकेच. तुम्ही गरिबांसाठी सर्वस्व दिलंत, देह झिजवलेत, पण आम्हाला प्रेमही हवंय, ‘आम्हाला मित्र द्या!’ असं ते म्हणाले. ज्यांच्या पैशावर मिशनचं काम चाले, त्यांच्याच तोंडावर! काहीजण दुखावलेही. मला मात्र त्यांच्या साऱ्या आयुष्यात हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो.

दोनच वर्षांनी, २९ डिसेंबर १९१२ला, कलकत्त्यात दीक्षाविधी होऊन ते डोर्नकलचे बिशप झाले; अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले पहिले भारतीय बिशप. माणूस तमिळ, कामाचा मुलूख तेलुगू; भाषा शिकले नि बैलगाडीने गावोगाव हिंडले. मंडळी बहुतेक माला-मादिगा या दलित समाजांतली. बाप्तिस्मा झालेल्यांना ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायला लावत, ‘मी बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती आहे; मी सुवार्ता सांगितली नाही, तर माझी केवढी दुर्दशा!’ ज्या डोक्याला गाव विटाळ मानायचं, त्याच डोक्यावर स्वतःचा हात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं.

१९३५ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली नि वाद पेटला. सामूहिक धर्मांतराला गांधीजींचा विरोध होता. अझराया आपल्या माणसांच्या बाजूने उभे राहिले. दलितांना स्वतःचं भलं कळतं, यावर त्यांचा विश्वास होता, आणि मला तेच पटतं. दक्षिणेतल्या वेगवेगळ्या पंथांची चर्चेस एक व्हावीत म्हणून ते वर्षानुवर्षं झटले, पण १ जानेवारी १९४५ला गेले. एकी झाली सप्टेंबर १९४७मध्ये.

तुला एक सांगायचं राहून गेलं होतं. माझ्या आजारपणात तू पैसे पाठवलेस, त्यांचा फार आधार झाला. पण रोज संध्याकाळी दाराकडे बघायचो, तू येशील म्हणून. त्या खांबाशी बसलो तेव्हा हे आठवलं. डिसेंबरात ये. वहिनींनाही घेऊन ये. डोर्नकलला पुन्हा जाऊ.

तुझाच