आंबोलीला रात्री कॅमेरा घेऊन जाणार असशील तर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

जुलैत आंबोलीला, तेही रात्रीचे बेडूक टिपायला जातोयस म्हणून जरा सविस्तर लिहितो. नवी लेन्स घेऊ का विचारलंयस. नको घेऊस. तुझी १०० मिमीची मॅक्रो (अगदी जवळून टिपायची लेन्स) पुरे. तिथे फोटो बिघडतात ते पाण्यामुळे आणि आपल्याच फ्लॅशमुळे.

बेडकाची ओली कातडी म्हणजे आरसाच. उघडा फ्लॅश मारलास की पाठीवर पांढरे डाग उमटतात, खालचा रंग गायब. डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश पसरवणारा पडदा, जितका मोठा आणि बेडकाच्या जितका जवळ, तितका प्रकाश मऊ. विकतचा नको, टीव्हीच्या खोक्यात येतो तो पातळ पांढरा फोम ए-फोर कागदाएवढा काप आणि वाकवून लेन्सच्या टोकाच्या जरासा पुढे येईल असा बसव. ट्रेसिंग पेपर पहिल्याच सरीत लगदा होतो.

सुरुवातीला सगळं मॅन्युअल ठेव: शटर १/२०० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/११, संवेदनशीलता आयएसओ ४००, फ्लॅश १/१६ ताकदीवर. कमीजास्त करायचं ते फ्लॅशच्या ताकदीत. एवढ्या कमी ताकदीवर फ्लॅशची उघडझाप इतकी झटपट होते की हात हलला तरी चित्र हलत नाही. ट्रायपॉड गाडीतच राहू दे. एकास एक मोठेपणाला, म्हणजे सेन्सरवर बेडूक खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, एफ/११ वरही जेमतेम दीड मिलिमीटर जागा स्पष्ट येते. तेव्हा फोकस रिंगशी खेळू नकोस. ती एका जागी ठेवून स्वतः पुढेमागे हो आणि डोळा धारदार दिसला की बटण दाब.

मागचा काळोख हे नवख्यांचं नेहमीचं दुखणं. फ्लॅशपासून बेडूक २० सेंटिमीटरवर आणि मागचं पान १ मीटरवर असेल तर पानावर २५ पट कमी प्रकाश पडतो, म्हणून ते काळंच येणार. बेडकामागे वीतभर अंतरावर पान येईल असा कोन शोध.

धुक्यात फ्लॅश लेन्सला चिकटून असेल तर समोरचे थेंब उजळून सगळीकडे पांढरे ठिपके येतात. तो वर, ४५ अंशांत धर. शिवाय धुकं नसतानाही फोटोत पांढरा धूर दिसला तर तो बहुधा तुझाच श्वास असतो. बटण दाबताना श्वास रोख.

मलबार ग्लायडिंग फ्रॉग, म्हणजे आपला उडता बेडूक, पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर बसतो. टॉर्च पडला की नराचं ओरडणं थांबतं. दिवा विझवून गप्प उभा राहा; थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. मग मंद दिवा बाजूने टाक, थेट डोळ्यांत नको. फेसाच्या घरट्याभोवतीची पानं बाजूला करू नकोस. आडोसा गेला की घरटं सुकतं आणि आतली अंडी मरतात. आंबोली टोडसाठी (हा इथला भेक) मात्र जुलै उशिराचा. जांभ्या सड्यावरच्या (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरच्या) उथळ डबक्यांत त्यांची गर्दी पहिल्या पावसातच उसळते.

फोटोसाठी बेडूक उचलून चांगल्या पानावर ठेवणारे महाभाग भेटतील. त्यांच्यातला होऊ नकोस. हाताला डास पळवायचं मलम असेल तर ते बेडकाच्या कातडीतून सरळ आत जातं. त्यातलं डीट हे रसायन कॅमेऱ्याचं प्लॅस्टिक आणि रबरही खातं.

मलबारी चापडा हा विषारी साप दिसला तर एकास एकचा मोह सोड. १०० मिमीची लेन्स पूर्ण जवळ नेलीस तर तिच्या टोकात आणि सापात वीतभरही अंतर उरत नाही, आणि चापडा तेवढं सहज गाठतो. मीटरभर लांब राहा, चित्र नंतर काप. रात्री पानावर हात ठेवण्यापूर्वी त्याची खालची बाजूही टॉर्चने बघत जा.

एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढलास की लेन्सवर दव धरतं, पुसलं तरी पुन्हा येतं. कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेव. परतल्यावर सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात टाक, नाहीतर बुरशी लेन्सच्या आत शिरते. तांदूळ नको, त्याची पूड सांध्यांत बसते. फ्लॅशसाठी चार्जिंगचे सेल दोन संच घे.

रात्री राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही, पण रस्त्याकडेला आणि गावालगतच भरपूर सापडतं. फक्त गाडी हळू घे, बेडूक डांबरावरही बसलेले असतात. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे घे आणि पँट त्यात खोचून टाक.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय