वाघाला मिळते ते माणसालाही मिळावे : मंत्री महोदयांस एका अभयारण्यग्रस्त महिलेचे खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात, एका पुनर्वसन वसाहतीत राहते. आमची कुटुंबे मूळची वारणा खोऱ्यातली, चांदोली अभयारण्यातून उठवलेली. आमच्या समाजमंदिरात चालणारे कुटुंब साहाय्य केंद्र गेल्या महिन्यात बंद करण्यात आले. ‘प्रकल्प कालावधी समाप्त’ एवढेच कारण असलेले दोन ओळींचे पत्र दारावर चिकटवून संबंधित मंडळी निघून गेली. मागल्या वर्षी याच समाजमंदिरात नारळ फोडून एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आम्हा बायकांना जाहीर शब्द दिला होता की, वसाहतीतले शेवटचे कुटुंब स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत हे केंद्र हलणार नाही. किती कुटुंबे उभी राहिली हे मोजायला कोणी आले नाही. शिलाई मशिनी किती आणि खुर्च्या किती, हे मोजायला मात्र दोघेजण आले होते.

या केंद्रात फार काही थोर चालत नव्हते, हे आपल्या माहितीसाठी आधीच सांगते. शेजारच्या वसाहतीतलीच, समाजकार्य शिकलेली एक मुलगी तिथे मानधनावर बसत असे. कोणाचा म्हातारा वारला की वारसनोंदीचा अर्ज ती लिहून द्यायची आणि तलाठ्याकडे सोबत यायची. प्रकल्पग्रस्ताचा दाखला नातवाच्या नावे कसा करायचा, हे ती समजावून सांगायची. आम्हाला मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, असल्यामुळे सात-बारा पाहताच बँकेतले साहेब कागद परत सरकवतात. अशी जमीन बँकेकडे तारण ठेवण्याची सोय कायद्यातच आहे, हे त्याच साहेबांना नम्रपणे वाचून दाखवणारी ती पहिली व्यक्ती होती. तिच्यामुळे आमच्या बचत गटातल्या काही जणींना म्हशींसाठी कर्ज मिळाले, काही जणी हळद-मसाल्याची पाकिटे भरून विट्याच्या बाजारात नेऊ लागल्या. एवढे साधे काम होते, आणि तेच नेमके कोणत्याही योजनेत बसत नाही.

आता थोडे घरचे सांगते, कारण त्याशिवाय केंद्राची किंमत आपल्याला कळणार नाही. माझे सासरे डोंगरातले शेतकरी. भात, नाचणी आणि वरी पिकवायची, हंगामात हिरडा गोळा करून विकायचा, एवढ्यावर त्यांचे घर कोणापुढे हात न पसरता चालत होते. १९८५ मध्ये चांदोली अभयारण्य जाहीर झाले, २००४ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जंगलाची अशी बढती होत असताना आम्ही मात्र खाली उतरत राहिलो. ज्या माणसाने आयुष्यभर पावसात इरली घेऊन चिखलणी केली, त्याला कडेगावच्या माळावर मुरमाड तुकडा दाखवून ‘ही तुमची जमीन’ असे सांगण्यात आले. इथे पाऊस बेताचा, पीक ज्वारीचे, आणि बाकी सारी भिस्त उपसा योजनेच्या पाण्यावर. मोटर, ठिबक, पाणीपट्टी, सोसायटीचे कर्ज यातला एकही शब्द त्यांना कोणी शिकवला नव्हता. शेजारच्या गावचे लोक वाईट नव्हते, परंतु आमच्या जमिनी त्यांच्याच लाभक्षेत्रातून, म्हणजे पाणी योजनेखालच्या रानातून, काढून घेतलेल्या, त्यामुळे विहिरीवरचे बोलणे सुरुवातीची कित्येक वर्षे तुटक राहिले. सासरे शेवटी दुसऱ्याच्या उसात मजुरीला गेले, थोरले दीर मुंबईत माथाडी झाले, आणि सासूबाईंनी वसाहतीबाहेर पाऊल टाकणेच सोडले. नुकसानभरपाईच्या तक्त्यात यांपैकी कशाचाही रकाना नाही.

महोदय, वाघ नव्या जंगलात सोडायचा असेल तर त्याला आधी मोठ्या कुंपणात ठेवतात, जागा अंगवळणी पडू देतात, गळ्यात पट्टा घालतात, आणि बाहेर सोडल्यावरही तो शिकार करतो आहे की उपाशी आहे, यावर माणसे महिनोन्‌महिने नजर ठेवतात. ही काळजी योग्यच आहे. वाघावर आमचा राग नाही. आम्हाला मात्र ट्रकमध्ये भांडीकुंडी भरून आणले, माळावर उतरवले आणि त्याच दिवशी कागदावर ‘पुनर्वसित’ असा शिक्का मारला. आम्ही उपाशी आहोत की कसे, हे पाहायला निवडणुकीखेरीज कोणी येत नाही.

शासनाला हे काम जमतच नाही, असेही म्हणवत नाही. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्यांना धंद्यासाठी कर्जे देता यावीत म्हणून १९४८ मध्ये केंद्राने स्वतंत्र पुनर्वसन वित्त प्रशासन उभारले. त्याच सुमारास कर्नालजवळ नीलोखेरी येथे निर्वासितांनी दलदल हटवून वसाहत वसवली. तिथे कौशल्ये शिकवणारे केंद्र होते, सहकारी संस्था होत्या आणि त्या साऱ्याच्या मागे एस. के. डे यांच्यासारखा तिथेच ठाण मांडून बसलेला माणूस होता. देश नुकता स्वतंत्र झालेला, तिजोरी रिकामी, तरीही हे सुचले. आज पुनर्वसन म्हणजे रस्ता, शाळा, स्मशानशेड अशी सुविधांची यादी उरली आहे, आणि ती पूर्ण झाल्यावर छायाचित्र काढून फाइल बंद होते.

आमची रड तरी अलीकडची. कोयनेची वीज १९६२ पासून सुरू झाली, आज त्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉटच्या घरात आहे. तिथली माणसे सोलापूरपासून रायगडपर्यंत पांगली, त्या वेळी राज्यात पुनर्वसनाचा कायदासुद्धा नव्हता. पहिला आला १९७६ मध्ये, मग १९८६, मग १९९९, मग केंद्राचा २०१३ चा. या शेवटच्या कायद्यात पुनर्वसनानंतर ग्रामसभेशी विचारविनिमय करून सामाजिक लेखापरीक्षण करण्याची तरतूद आहे, म्हणजे निदान दिल्लीत कोणाला तरी हे सुचले होते. इथे आम्हाला जे मिळाले ते ठिय्या आंदोलनांना बसून मिळाले. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे म्हणून आपले प्रतिनिधी प्रत्येक सभेत सांगतात. लाखभर दाखल्यांमागे शंभर नोकऱ्या तरी निघाल्या का, याचा हिशेब एकदा विधानसभेच्या पटलावर ठेवावा. २०२४ मध्ये राज्यभर एकच गणवेश म्हणून बचत गटांच्या हाती कापड दिले, बायकांनी रात्री जागून शिवले, आणि पुढच्या वर्षासाठी तो निर्णयच मागे घेतला. आम्ही मशिनीचे हप्ते मात्र मागे घेऊ शकत नाही.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात, म्हसवडसारख्या दुष्काळी गावात, १९९७ मध्ये महिलांनी माणदेशी बँक उभी केली. त्या काही आमच्याहून वेगळ्या मातीच्या नव्हत्या. त्यांच्यासोबत वर्षानुवर्षे टिकून राहणारे कोणीतरी होते. अकरा महिन्यांच्या करारावरची ताई आणि तिचेही मानधन थकलेले, अशा व्यवस्थेतून स्वावलंबन निघत नसते.

म्हणून मागणी अशी की, केंद्र त्याच जागी पुन्हा सुरू करावे, त्याच मुलीला थकीत मानधनासह परत घ्यावे, निदान पाच वर्षे ते बंद होणार नाही असा लेखी आदेश काढावा, आणि वर्ग-२ जमिनींवरील कर्जासाठी सर्व बँकांना बोलावून तालुक्यात शिबिर घ्यावे. नवी योजना नको, नवे नाव नको, नारळ तर मुळीच नको.

उत्तर पाठवायचे झाल्यास पाकिटावर वसाहतीचे नाव लिहू नये. इतक्या वर्षांनंतरही आमची वसाहत स्वतंत्र महसुली गाव झालेली नाही, त्यामुळे शेजारच्या गावाचे नाव टाकून खाली ‘अभयारण्यग्रस्त’ असे लिहावे, पोस्टमन ओळखतो.

आपली,
कडेगाव तालुक्यातील एक अभयारण्यग्रस्त महिला