दवाखान्यातल्या दादांना, रबरी चटईबद्दल आणि बाकी सगळ्याबद्दल

प्रिय दादा,

मागच्या आठवड्यात माझ्या कुत्र्याला, तिळ्याला, लसीच्या वर्षाच्या बूस्टरसाठी प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा टेबलापाशी तुमच्या जागी दुसराच मुलगा उभा होता. तुम्ही काम सोडून गेलात, एवढंच कळलं. कुठे गेलात, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. सव्वा वर्ष मी तुम्हाला नुसतं ‘दादा’ म्हणत आले आणि पूर्ण नाव कधी विचारलंच नाही, हे तिथल्या बाकावर बसल्यावर लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं. डॉक्टरांचे आभार मी दर वेळी मानले. त्यांची सही केसपेपरवर असते, तुमचं नाव कुठेच नसतं. म्हणून हे पत्र असं उघडपणे लिहितेय. तुमच्या ओळखीचं कुणीतरी वाचेल आणि तुम्हाला दाखवेल, एवढीच आशा.

तिळ्या घरी आला तेव्हा आठ आठवड्यांचा होता. कपाळावर तिळाएवढा काळा ठिपका, म्हणून तिळ्या. कुत्रं पाळायची हौस मला लहानपणापासून. त्याला आणायच्या आधी दोन महिने मी वाचत होते, विचारत होते, घर आवरून ठेवत होते. आणि नवव्या दिवशी मी त्याला कुशीत घेऊन दवाखान्यात आले, ती याला दुसरं कुणी सांभाळेल का, हे विचारायला.

तुम्ही विचारलंत, “काय झालं याला?” मी म्हटलं, “याला काही नाही झालं.” तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत. मनगटापर्यंत ओरखडे होते, अंगठ्याला पट्टी होती. मग तुम्ही विचारलंत, “ताई, काल किती तास झोपलात?” मला उत्तर देता आलं नाही, रडूच फुटलं. तिळ्या माझ्या ओढणीचं टोक चावत होता आणि मी रडत होते. रडता रडता बोलून गेले, की मला हा आवडतच नाही, सकाळी त्याचा आवाज आला की पोटात गोळा येतो, आपण फार मोठी चूक केली असं वाटतं.

हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. एवढ्याशा गोजिरवाण्या जिवाबद्दल असं वाटणारी मी कसली बाई, असं माझं मलाच वाटत होतं. तुम्ही म्हणालात, “असं वाटणारे पुष्कळ येतात इथे. बोलत नाहीत, पण चेहऱ्यावरून कळतं. द्यायचाच ठरला तर चांगलं घर आपण मिळून शोधू, त्यात काही पाप नाही. पण झोप न झालेल्या माणसाने असलं काही ठरवू नये. आधी झोपेचं बघू.”

दादा, हे पत्र खरं तर त्या चार-पाच वाक्यांसाठी आहे. बाकी सगळं तुम्ही शिकवलंत ते त्यानंतरचं. “थोडे दिवस सोसा, मोठा झाला की होईल शांत,” असं तुम्ही म्हणाला असतात तर मी मान डोलावून घरी गेले असते आणि त्याच आठवड्यात त्याला देऊन टाकलं असतं. द्यायची वाट तुम्ही मोकळी ठेवलीत, म्हणून मला थांबता आलं. पुढे कधीतरी वाचनात आलं, की याला ‘पपी ब्लूज’ असं नावच आहे. २०२४ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी ते मोजायची एक प्रश्नावली तयार केली. बाळंतपणानंतर काही दिवस आईचं मन जसं ढासळतं, त्याच्याशी हे मिळतंजुळतं असतं, असं त्यांनी मांडलं, आणि त्यात तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: वैताग, काळजी आणि थकवा. वाचताना मला तो बाक आठवला. तुम्ही त्या तिन्हींपैकी थकव्याला आधी हात घातला होता.

मग तुम्ही औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडलात आणि त्यावर पेनाने चार रकाने आखलेत. झोप, खाणं, शी-शू, चावणं. “चार दिवस नुसतं लिहा, बाकी काही बदलू नका.” तो पुठ्ठा माझ्याकडे अजून आहे. दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात त्याच्या शूचाच एक डाग आहे.

पाचव्या दिवशी तो पुठ्ठा घेऊन आले तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. तरी तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि ‘चावणं’च्या रकान्यावरून बोट खाली खाली नेलंत. “हे बघा. प्रत्येक चावण्याच्या आधी हा दोन-अडीच तास जागाच आहे.” मग झोपेची बेरीज केलीत. चोवीस तासांत अकरा तास. या वयाच्या पिल्लाला अठरा ते वीस तास झोप लागते, हे तुमच्याकडून कळलं. मी समजत होते की तो चावतोय म्हणजे त्याच्या अंगात फार जोर आहे, त्याला दमवायला हवं. म्हणून मी त्याला आणखी खेळवायचे, आणि तो आणखी पिसाटल्यासारखा व्हायचा. आणि ते दात सुईसारखे! अठ्ठावीस दुधाचे दात, आणि संध्याकाळी सहा ते आठ ते सगळे माझ्या पायाच्या घोट्यात. तो बिचारा झोपेला आला होता, दादा. लहान मूल पेंगुळलं की कसं कारण नसताना किरकिर करतं, अगदी तसं. हे डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं.

तासभर जागा, मग दोन तास अंधाऱ्या शांत कोपऱ्यात क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात, असं आम्ही सुरू केलं. तिसऱ्याच संध्याकाळी मी सोफ्यावर पाय खाली सोडून बसले होते आणि माझ्या पायाला कुणी चावत नव्हतं.

चावणं एकदम थांबलं असं नाही, ते तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. जो तो मला सांगायचा की त्याचं तोंड दाबून धरा, नाकावर वर्तमानपत्राची सुरळी मारा. तुम्ही म्हणालात, “हाताची भीती बसली तर उद्या औषध घालायला, कान बघायला हात पुढे केला की तो त्या हातालाच धरेल.” दात लागला की खेळ तिथेच थांबवायचा, ओरडायचं नाही, उठून दहा-पंधरा सेकंद लांब जायचं, परत आल्यावर चावायचं खेळणं पुढे करायचं. भावंडांत वाढताना पिल्लू हेच शिकतं, जोरात चावलं की समोरचा खेळ सोडून जातो. माझ्या घरात त्याची भावंडं नव्हती, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं होतं.

रात्रीचं रडणं तर तुम्ही एका वाक्यात सोडवलंत. मी क्रेट स्वयंपाकघरात ठेवला होता, कारण ‘सवय लागायला हवी’ असं सगळे म्हणत होते. तुम्ही म्हणालात, “तुमच्याकडे येईपर्यंत हा एकही रात्र एकटा झोपलेला नव्हता, ताई.” त्या रात्री क्रेट माझ्या पलंगाला टेकवून ठेवला. तो कण्हला की मी जाळीतून दोन बोटं आत घालायचे. तो त्यावर हनुवटी टेकायचा. काही मिनिटांनी त्याच्या श्वासाची गरम वाफ बोटांवर एकसारखी यायला लागली, की समजायचं झोपला. हात अवघडायचा, पण बोटं काढायची इच्छा व्हायची नाही. ‘हा मला आवडत नाही’ हे वाक्य त्या आठवड्यात कधीतरी मनातून गेलं. नेमकं कुठल्या रात्री, ते मला सांगता येणार नाही.

एक गोष्ट मी तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती. पहिल्या आठवड्यात त्याने गालिच्यावर शू केली, तेव्हा मी त्याचं नाक त्यात घासलं होतं. कुणीतरी तसं सांगितलं होतं म्हणून. त्यानंतर तो माझ्यासमोर शू करेना, सोफ्यामागे जाऊन करायचा. तुम्ही सहज बोलता बोलता म्हणालात, की ओरडा खाल्लेलं पिल्लू ‘घरात करायची नाही’ असं शिकत नाही, ‘माणसासमोर करायची नाही’ असं शिकतं, आणि मग बाहेर नेलं तरी पट्ट्याच्या टोकाशी तुम्ही उभे असता म्हणून करत नाही. मी मान खाली घालून ऐकलं. तुम्हाला कळलं असावं, पण तुम्ही काही विचारलं नाहीत, याबद्दलही आभार.

उठल्याउठल्या, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यायचं, जागा रोज तीच. जितके महिने वय, त्यात एक मिळवायचा, साधारण तितके तास तो फार तर शू धरून ठेवू शकतो. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास, तेही झोपेत. रात्री दीडचा आणि साडेचारचा गजर लावून मी उठायचे. शू झाल्याबरोबर तिथल्या तिथे खाऊचा दाणा द्यायचा. घरात येऊन दिला तर त्याला वाटतं, घरात आल्याचं बक्षीस मिळालं. एवढी बारीक गोष्ट, पण माझी गाडी तिथेच अडली होती. आणि फरशी पुसायला मी जे वापरत होते त्यात अमोनिया होता. त्याचा वास त्याला मुतासारखाच येतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात जायचा. मुताचा वास मुळापासून घालवणारा एन्झाइमचा क्लिनर आणला आणि तो कोपरा सुटला.

लसींचं मात्र मला तुमच्याशी भांडावं लागलं होतं, आठवतं? सोळाव्या आठवड्यापर्यंत सगळे डोस पुरे होईस्तोवर घराबाहेर काढायचं नाही, हे मी पक्कं धरलं होतं. पार्वोची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या उलट्या-जुलाबाच्या रोगाची, मला भयंकर भीती होती, आणि ती खोटी नव्हती. त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते आणि ती नक्की कधी ओसरेल ते सांगता येत नाही, म्हणून तर दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावा लागतो. तुम्ही म्हणालात, जमिनीवर ठेवू नका, अनोळखी कुत्र्यांजवळ नेऊ नका, पण कडेवर घेऊन जग दाखवा. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं ते त्याला आपलं वाटतं. नंतर बघितलेल्याची आधी भीती वाटते. मला हे धोक्याचं वाटलं होतं. पुढे वाचलं, की प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संस्थेने २००८ मध्ये नेमकं हेच सांगितलं होतं. डोस पुरे व्हायची वाट बघत पिल्लाला कोंडून ठेवू नका, पहिल्या डोसानंतर आठवड्याभराने, काळजी घेऊन, त्याला माणसांत न्या.

म्हणून आम्ही रोज वीस मिनिटं रस्त्याकडेच्या बाकावर बसायचो. तो माझ्या मांडीवर, टॉवेलात. ट्रक, सायकली, काठी टेकत जाणारे आजोबा, छत्री उघडणारी मुलगी. छत्रीला तो दचकला आणि माझ्या कोपरात डोकं खुपसलं. मी दाणा दिला. पुढच्या वेळी त्याने छत्रीकडे बघितलं आणि मग माझ्या हाताकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

आणि चटई. पहिल्या इंजेक्शनच्या वेळी तुम्ही स्टीलच्या टेबलावर एक रबरी चटई अंथरलीत आणि मगच त्याला वर घेतलंत. मी विचारलं, तर म्हणालात, “टेबल गार आणि निसरडं असतं. पाय घसरला की सुईपेक्षा त्याचीच धास्ती बसते, आणि मग दर वेळी दारातूनच मागे ओढतात.” डॉक्टर सुई भरत होते तेवढ्यात तुम्ही त्याच्या डोक्यावरून हात न नेता हनुवटीखाली खाजवत होतात. सुई टोचली तेव्हा तो तुमच्या बोटाला लावलेलं काहीतरी चाटत होता. त्याने मागे वळूनही बघितलं नाही. त्या दिवशी घरी जाताना मी तशीच चटई घेतली. त्याची नखं मी त्यावरच कापते. आधी महिनाभर नुसता पंजा हातात घ्यायचा आणि दाणा द्यायचा, मग एक दिवस एकच नख, असं करत करत.

सहाव्या महिन्यापर्यंत सगळे बेचाळीस दात आले. पडलेला एक दुधाचा दात मला गालिच्यात सापडला, तो मी काडेपेटीत ठेवलाय. आठव्या महिन्यात तो ‘ये’ म्हटलं की उभा राहून माझ्याकडे बघायचा आणि उलट दिशेला पळायचा. तेही तुम्ही आधी सांगितलं होतं. वयात येताना शिकलेलं विसरल्यासारखं करतात, लांब पट्टा लावा, रागावू नका, पुन्हा पहिल्यापासून शिकवा. मी शिकवलं. या वेळी रडले नाही.

आता तो एकोणीस किलोंचा आहे. मागच्या आठवड्यात दवाखान्यात शिरल्याबरोबर तो आपणहून वजनकाट्यावर जाऊन बसला, तुम्ही शिकवलं होतंत तसा, आणि तुम्ही ज्या दारातून यायचात त्या दाराकडे बघत राहिला. दार उघडलं की कान वर, दुसरं कुणी आलं की कान खाली. तीन वेळा झालं तसं.

आत गेलो तेव्हा टेबल नुसतंच होतं. मी पिशवीतून आमची चटई काढली आणि अंथरली. तो नवा मुलगा म्हणाला, “हे कशाला?” मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चटईची चारही टोकं हाताने दाबून सरळ केली, आणि मग तिळ्याला उचलायला खाली बसला.

निघताना ती चटई मी तिथेच ठेवली.

तुमची,
तिळ्याची ताई