न दिसणाऱ्या चट्ट्यावर हात ठेवणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

इसब गेला म्हणून हे पत्र लिहीत नाहीये. तो आहे, फक्त आवरलाय. तुम्ही मला खोटं ठरवलं नाहीत, त्यासाठी हे पत्र.

तुमच्याआधी ज्यांना दाखवलं, त्यांतल्या बहुतेकांचं निदान मीच होते. ‘खाजवू नका.’ (हे सांगायला पदवी लागते?) ‘टेन्शन कमी करा.’ ॲलर्जीच्या गोळ्यांनी खाज थांबत नाही म्हटलं, तर मी गोळ्याच चुकवत असणार असा चेहरा. आणि जुन्या जागी चट्टा उलटला की ठरलेला प्रश्न, ‘काय पथ्य मोडलंत?’

तुम्ही आधी चिघळलेले चट्टे पाहिलेत. मग उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथला चट्टा केव्हाच विरला होता आणि मी दाखवलाही नव्हता, तिथं हातमोजा न घालता बोटं ठेवलीत आणि सावकाश फिरवलीत. “इथं दिसत नाही, पण आत अजून शांत झालेलं नाही,” म्हणालात. इसब संसर्गाने पसरत नाही हे सगळ्याच डॉक्टरांना ठाऊक असतं. तरी माझ्या कातडीला असा निवांत हात कुणी लावला नव्हता. घरी आल्यावर मी खूप रडले, ते त्या हातामुळे.

चट्टा गेला तरी काही टी पेशी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी, त्या जागी त्वचेतच ठाण मांडून राहतात, आणि पुन्हा डिवचल्या गेल्या की तिथूनच सुरुवात होते, हे तुम्ही सांगितलंत. म्हणजे त्याच जागी उलटण्यामागे माझा बेशिस्तपणा नव्हता! बाकीचं नंतर वाचत गेले. कुंपणानेच शेत खावं तसा हा प्रकार. दुखावलेल्या त्वचेच्या वरच्या पेशी टीएसएलपी आणि इंटरल्यूकिन-३३ असे धोक्याचे संदेश सोडतात. त्याने चेतलेल्या टीएच-२ पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) इंटरल्यूकिन-४ आणि १३ सोडतात, आणि हीच दोन रसायनं फिलॅग्रिन कमी करतात. त्वचेचा थर घट्ट आणि ओलसर ठेवायचं काम ज्या प्रथिनाचं, तेच कमी पडलं की बाहेरचं सगळं आत शिरतं आणि पुन्हा नवे संदेश सुटतात. काहींच्या जनुकातच फिलॅग्रिनची उणीव असते, हे २००६ मध्ये समजलं.

खाजेचंही तेच. इंटरल्यूकिन-४ आणि १३ मज्जातंतूंना हळवं करतात, इंटरल्यूकिन-३१ त्यांना थेट चेतवतं. ॲलर्जीच्या गोळ्या अडवतात ते हिस्टामिन, आणि त्याचा वाटा या खाजेत लहान, म्हणून त्या गोळ्या हात टेकतात. मी खोटं बोलत नव्हते, मॅडम. घोट्यावरची कातडी जाड झालीय तीही नुसत्या खाजवण्याने नाही. इंटरल्यूकिन-२२ वरच्या पेशींची वाढ करवतं. ४ आणि १३ या दोघांचा निरोप एकदम अडवणाऱ्या डुपिलुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत २०१७ मध्येच मान्यता मिळाली होती. त्यानंतरही मला ‘मन रमवा’ असंच सांगितलं जात होतं, याचा राग अजून गेलेला नाही.

हुशार डॉक्टर मला आधीही भेटले होते. समोरच्याचं खरं धरून चालण्याची सभ्यता मात्र दुर्मीळ, आणि तिला यंत्र लागत नाही की जादा वेळ. रांगेतल्या प्रत्येकाशी तुम्ही तशाच वागता, हे मी बाहेर बसून पाहिलंय.

चट्टा नसला तरी त्या जागांवर आठवड्यातून दोनदा मलम चालू आहे. आई मात्र अजून म्हणते की माझं रक्तच खराब आहे, आणि दिसत नाही तिथं मलम कशाला. पुढच्या वेळी तिला घेऊन येते. माझं ती ऐकत नाही, तुम्हीच समजावा.

तुमची कृतज्ञ,
एक पेशंट